पंधरा नावांचे गहू

सावदा,
रविवार, दि. २० जुलै २०२५
दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे

ती. दादास,

हितेंद्रचा शि. सा. न. वि. वि. वाटेत हे पत्र उघडून वाचणाऱ्या जेलच्या साहेबांनाही नमस्कार.

पत्र लिहायला घेतलं तेव्हा मी तुझ्या पायजम्याची नाडी काढून इलॅस्टिक ओवत होतो. मागच्या मुलाखतीला गेटवर नाडीचा पायजमा परत केला, ते बरोबरच आहे, नियम आहे. पण वहिनींना ते तिथेच कळलं आणि त्या रांगेत उभ्या राहून नाडी ओढू लागल्या, ती निम्म्यात तुटली. उरलेली निम्मी मी आज चिमट्याने काढली. इलॅस्टिक माझ्या कमरेवर मोजून घेतलं आहे. तू बारीक झालास असं वहिनी म्हणतात म्हणून दोन बोटं कमी केलं.

फोनची पाळी आठवड्यातून एकदा येते, ती वहिनींचीच राहू दे. मी पत्र लिहीत जाईन. काचेपलीकडून बोलताना मला काही सुचत नाही. गेल्या वेळी मी तुला विचारलं की धुळ्यात पाऊस आहे का. तेव्हा मी पण धुळ्यातच उभा होतो. हे मला परतीच्या बसमध्ये पारोळ्याला लक्षात आलं.

आई बरी आहे. बाजाराला ती आता सकाळी लवकर जाते, म्हणजे ओळखीचं कोणी भेटत नाही. पण भाजीवालीच ओळखीची आहे. तिने विचारलं की लीलाधर दिसत नाही हल्ली. आई म्हणाली, धुळ्याला असतो. तिने विचारलं, नोकरी लागली का. आई म्हणाली, अजून कायम नाही. घरी आल्यावर आईने मला विचारलं की हे खोटं झालं का. मी विचार करून सांगितलं की झालं नाही.

वहिनी बऱ्या आहेत, पण रागावलेल्या आहेत. तुझ्यावरच. पाहुणे सांत्वनाला आले की त्या रडतात आणि पाहुणे गेले की तुझ्या चपला उचलून दुसरीकडे ठेवतात. आतापर्यंत चपला माळ्यापर्यंत पोचल्या आहेत.

भूपेंद्रभाऊच्या जबड्याची तार निघाली. मे महिन्यात विहिरीवर पाण्याच्या पाळीवरून तुम्हा चुलत भावांचं भांडण झालं आणि तुझ्या हातचा पाना त्याला लागला, तेव्हापासून तो नळीने पातळ पीत होता. आता मऊ चालतं म्हणे. म्हणे असं लिहितो, कारण त्याची आई, म्हणजे आपली मोठी आई, आणि आपण यांच्यात बोलणं बंद आहे. दोन्ही घरांमधल्या दाराला त्यांनी पाण्याचा ड्रम लावला आहे आणि आपण आपल्या बाजूने खाट लावली आहे. दार तसं दोन्हीकडून पक्कं झालं आहे.

वकील म्हणाले की जामिनाची तारीख १३ ऑगस्ट, भुसावळला. मागच्या वेळी भूपेंद्रभाऊच्या बाजूने हरकत आली म्हणून अर्ज फेटाळला. या वेळीही हरकत आली तर पुढे किती महिने जातील असं विचारलं तर त्यांनी चष्मा पुसला.

आता खरी काळजी लिहितो. ३ ऑगस्टला, श्रावणातल्या रविवारी, कानबाईचा सण आहे. तुला माहीत आहेच, पण लिहिलं म्हणजे माझंही पक्कं होतं. आपल्या भाऊबंदांत कानबाई देवी मोठ्या आईच्या घरी बसते, आणि नैवेद्याच्या रोटांचे गहू मोठी आईच मोजते, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने पाच मुठी आणि वर सव्वा मूठ. सुरतचे पाच, नाशिकचे चार, भूपेंद्रभाऊ, तू आणि मी, अशी बारा नावं. ज्याचं नाव मोजलं तो घरचा. रोट बाहेरच्याने खायचे नाहीत आणि बाहेर न्यायचे नाहीत.

यंदा ती तुझं नाव मोजेल का, हे आईला विचारायचं आहे आणि तिची हिंमत होत नाही. तिचं म्हणणं असं की जामीन कोर्ट देतं, आज नाही तर उद्या देईल, पण मोठ्या आईने नाव गाळलं तर त्यावर अपील कुठे करायचं. ती दोन दिवस जेवलेली नाही. म्हणजे चहा-बिस्किट खाते.

लोभ असावा, आणि पायजमा होतो की नाही ते कळवावं.

तुझा,
हितेंद्र

---

धुळे,
दि. २५ जुलै २०२५

चि. हितेंद्रास अनेक आशीर्वाद.

पायजमा मिळाला. तुझ्या वहिनीचा गैरसमज आहे, मी बारीक झालेलो नाही. ते दोन बोटांचं काय ते मला रोज बसताना कळतं. पुढच्या वेळी स्वतःच्या कमरेवर विश्वास ठेव.

तुझ्या पावसाच्या प्रश्नावर बराक दोन दिवस हसली. इथे धनसिंग म्हणून साक्रीकडचा एक म्हातारा आहे, कशासाठी आत आला ते रोज वेगळं सांगतो. तो सकाळी उठला की मला विचारतो, भाऊ, धुयामा पानी शे का. आईचं अजून कायम नाही हे उत्तरही मी सांगितलं. ते सगळ्यांनी घेतलं. आता नवीन माणूस आला की त्याला विचारतात, कायम का टेंपरवारी.

मोठ्या आईला काहीही विचारायचं नाही. विचारलं की उत्तर मिळतं, आणि मग ते उत्तर घेऊन जगावं लागतं. तिने मोजलं तर मोजलं. नाही मोजलं तर तिच्या पोराचा जबडा मोडला आहे, माझा नाही. मी तिच्या जागी असतो तर काय केलं असतं ते मला माहीत नाही.

आईला सांग की माझी इथे रोज मोजणी होते. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. नाव पुकारलं की हजर म्हणायचं. एक माणूस कमी भरला तर सगळ्यांना पुन्हा बसवतात. एवढ्या काळजीने मला घरी कोणी कधी मोजलं नव्हतं. हे मी धनसिंगला सांगितलं तर तो म्हणाला, सरकार मोजस ते तू पळी जावाले नको म्हनीन, घर मोजस ते तू येवाले पाहिजे म्हनीन. असं म्हणून त्याने माझ्या ताटातली अर्धी भाकरी उचलली, त्यामुळे मला त्यावर नीट विचार करता आला नाही.

मी सुरतला हिऱ्याच्या कारखान्यात होतो त्या दोन्ही वर्षी माझं नाव मोजलं होतं. मी नव्हतो म्हणून माझ्या वाट्याचे रोट भूपेंद्र खायचा. असलो तरी तोच खायचा, लहानपणापासून. तेव्हा नाव गाळलं तर नुकसान माझ्यापेक्षा त्याचं जास्त आहे.

तो बोलतो का? तार होती तेव्हा गल्लीत फारच शांतता झाली असेल. त्याच्या लग्नाचं बघत होते त्याचं काय झालं? हे मी विचारलं असं कोणाला सांगू नकोस.

चपला माळ्यावर आहेत हे कळलं. तिथून पुढे फक्त छप्पर आहे, तेव्हा वहिनीपासून जपून राहा.

तुमचा लोभ माझ्या लायकीपेक्षा जास्त आहे, तो तसाच राहू द्यावा.

लीलाधर

---

सावदा,
शनिवार, दि. २ ऑगस्ट २०२५
सायंकाळी सहा

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. साहेबांनाही. हे पत्र जरा घाबरून लिहितो आहे, अक्षर तिरकं गेलं तर माफी असावी.

काल गहू मोजले. पद्धतीप्रमाणे आई आणि मी मोठ्या आईच्या ओसरीवर जाऊन बसलो. कानबाईच्या कामाला बोलावणं लागत नाही आणि अडवणंही चालत नाही, म्हणून आम्हाला जाता आलं. दारातून नाही, रस्त्याने फिरून. मोठी आई आम्हाला बसा म्हणाली नाही आणि उठाही म्हणाली नाही. भूपेंद्रभाऊ आतल्या खोलीत पडून होता, पाय दिसत होते.

दर वर्षी ती एकेक नाव मोठ्याने घेते आणि मुठी सुपात टाकते. यंदा ती ओठातल्या ओठात मोजत राहिली. मी समोर बसून मुठी मोजायचा प्रयत्न केला, पण मधेच आईने मला विचारलं की चाळणी कुठे आहे. मी चाळणीकडे पाहिलं आणि माझा आकडा गेला. त्यामुळे तुझं नाव झालं की नाही हे कळायला मार्ग उरला नाही. आईचा चेहरा असा झाला की मला तिकडे बघवेना.

मग मोठी आई हात धुवायला मोरीत गेली. आई चाळणी आणायला गेली. सूप माझ्यापुढे एकटं होतं. दादा, मी घरून रुमालात गहू घेऊनच गेलो होतो. पाच मुठी आणि वर सव्वा मूठ तुझ्या नावाने त्यात टाकले. माझी मूठ मोठ्या आईच्या मुठीपेक्षा मोठी आहे म्हणून ती थोडी सैल धरली. कानबाईला मनात सगळं सांगितलं. चोरून काढणं पाप असेल, पण चोरून घालण्याबद्दल मी कुठे ऐकलेलं नाही.

त्यानंतर मी अंगणात जाऊन जरा वेळ रुमाल झटकत उभा राहिलो. परत आलो तर सूप झाकलेलं होतं.

आज सकाळी गहू असलमभाईच्या चक्कीवर नेले. त्यांनी नेहमीप्रमाणे काल रात्रीच चक्की धुऊन पुसून ठेवली होती आणि आमच्या आधी कोणाचं दळण घातलं नाही. काट्यावर पिशवी ठेवली आणि त्यांनी मला विचारलं की घरात पोरं झाली का. मी म्हणालो, नाही, का? ते म्हणाले, गेल्या साली चार किलो आठशे होते, यंदा सहा किलो भरतात, एकदम तीन पोरं झाली असतील तर पेढे कुठे आहेत.

मी दिवसभर केळीच्या वखारीत काट्यावरच उभा असतो, तेव्हा वजनात माझी चूक होत नाही. एका नावाचे चारशे ग्रॅम धरले तर सहा किलो म्हणजे पंधरा नावं. तुला सोडून घरात अकरा पुरुष आहेत. पंधरातून अकरा गेले, उरले चार. त्यातलं एक मी घातलं. बाकीचे तीन लीलाधर कुठून आले?

दळून आणलं आहे. आता पीठ झालं, त्यातून वेगळं काढता येत नाही. उद्या रोट होतील. सुरतच्या आणि नाशिकच्या मंडळींनी फोन करून कळवलं की यंदा जमणार नाही. कोणाच्या बाजूने बसायचं हे त्यांना ठरवता आलेलं नाही. म्हणजे पंधरा जणांचे रोट आणि खाणारे आई, वहिनी, मी, मोठी आई आणि भूपेंद्रभाऊ. त्यातल्या एकाचा जबडा नुकता सुटला आहे.

पौर्णिमेचा चंद्र दिसायच्या आत रोट संपले पाहिजेत. पौर्णिमा शनिवारी आहे. तुला काही सुचलं तर कळव. पत्र पोचेपर्यंत उशीर झालेला असेल, तरी कळव.

लोभ असावा आणि भुकेसाठी प्रार्थना करावी.

हितेंद्र

---

सावदा,
शनिवार, दि. ९ ऑगस्ट २०२५
सायंकाळी साडेसात

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. रोट संपले. आता क्रमाने लिहितो.

रविवारी कानबाई बसली. गंगाफळाची भाजी, खीर, पुरण, सगळं झालं. सोमवारी गाजावाजात नदीवर नेऊन आणली. त्या दोन दिवसांत आम्ही जेवढे खाता येतील तेवढे रोट खाल्ले आणि तरी दोन पितळी डबे भरून उरले. आपल्याकडे रोट ज्या घरात होतात त्या घराचा उंबरा ओलांडत नाहीत, त्यामुळे आपल्या वाट्याचे घरी आणून खायची सोय नव्हती. मंगळवारपासून रोज संध्याकाळी आई, वहिनी आणि मी मोठ्या आईकडे रोट खायला जात होतो. बोलणं बंदच होतं. जाऊन बसायचं, खायचं, पाणी प्यायचं, उठायचं. रस्त्याने फिरून घरी.

बुधवारी मोठ्या आईने डबा उघडून पाहिला आणि कोणाकडेही न बघता म्हणाली की मी आजवर चाळीस वर्षं गहू मोजले, असे रोट कधी उरले नाहीत. मी हातातला रोट ताटात ठेवला. मी सांगून टाकलं की एक नाव मी चोरून घातलं. लगेच आई रडायला लागली आणि म्हणाली की एक तिने पदरातून घातलं, चाळणी आणायला गेली तेव्हा नाही, परत आली तेव्हा. मला चाळणीचं विचारलं तेही मुद्दाम, पदरातली गाठ ती सैल करत होती ते मी बघू नये म्हणून. म्हणजे आम्ही दोघं एकाच सुपाभोवती एकमेकांना चुकवत होतो.

मोठ्या आईने डब्याचं झाकण लावलं. मग बोलली ती थांबेचना. म्हणाली, मी सगळ्यात पहिलं नाव लील्याचंच मोजलं, ते काय तुमाले इचारून मोजू? माह्या पोराचा जबडा मोडला म्हणून मी कानबाईपुढे खोटी मोजणी करू काय? भांडण विहिरीवरचं हाये, ते गव्हात कशाले आणता? तो जेलात हाये, मेला नाही. आईने विचारलं की मग मोठ्याने का नाही म्हटलं. मोठी आई म्हणाली की आत पोरगा पडलेला होता, त्याने ऐकलं असतं तर त्याला काय वाटलं असतं.

यावर आई आणि ती दोघी रडल्या. वहिनी रडल्या नाहीत. त्या उठल्या, दुधाची वाटी भूपेंद्रभाऊपुढे ठेवली आणि त्यात रोट कुस्करून दिला. त्याने खाल्ला. दुसऱ्या दिवशी त्याने वाटी आपणहून पुढे केली.

गुरुवारपासून तो बोलायला लागला. शब्द थोडे चपटे येतात, पण कमी येत नाहीत. लग्नाचं विचारायची गरज पडली नाही, त्याने स्वतःच सांगितलं. रावेरकडच्या मुलीवाल्यांनी फोटो मागितला होता, त्याने मे महिन्याच्या आधीचा पाठवला. मग विहिरीच्या विषयावर आला. म्हणाला की आठ तास वीज आणि दोन घरांची केळी, पाळी लिहून भिंतीवर लावली असती तर हे झालंच नसतं, पण लिहायचं कोणी, लील्याला वाटतं मी खोटं लिहीन आणि मला वाटतं लील्या. मी म्हणालो, मी लिहितो. त्याने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी तिथे आहे हे त्याला आत्ताच कळलं. शुक्रवारी मी तक्ता करून नेला. एक दिवस त्यांचा, एक आपला, वीज रात्रीची असेल त्या आठवड्यात उलटं. त्याने त्यात एक चूक काढली. चूक होती.

आता तीन लीलाधर लागले: मोठ्या आईचा, आईचा आणि माझा. अकरा आणि तीन चौदा. वजन पंधरांचं आहे. एक नाव अजून लागत नाही. मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, मी कशाला घालू, मी रागावलेली आहे. थोड्या वेळाने म्हणाल्या, मलाच कसं सुचलं नाही. त्यानंतर त्या माळ्यावर चढल्या. चपला आता दाराशी आहेत.

भूपेंद्रभाऊलाही विचारलं. तो तेव्हा अर्धा तास मोटारीच्या वायंडिंगबद्दल बोलत होता. माझा प्रश्न ऐकून त्याने जबड्याला हात लावला आणि डॉक्टरने जास्त बोलायला मनाई केल्याची खूण केली.

आज शेवटचा दिवस. आभाळ होतं, त्यामुळे चंद्र कधी दिसला म्हणायचं यावर वाद झाला. मी कॅलेंडरमध्ये बघून सव्वासात धरले. सात वाजून गेले आणि डब्यात एक रोट राहिला. कोणाच्याच पोटात जागा नव्हती, आई तर भिंतीला टेकून बसली होती. भूपेंद्रभाऊने तो उचलला, दुधात घातला आणि म्हणाला, त्याच्या वाट्याचं आजवर मीच खात आलो. मऊ व्हायला वेळ लागला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे आणि घड्याळाकडे बघत बसलो. वेळेत संपला.

तेराला तो काय बोलणार आहे हे कोणी विचारलं नाही. विचारलं की उत्तर मिळतं असं तू लिहिलं होतंस.

लोभ आहेच. पोट ठीक नसल्याने आवरतं घेतो.

हितेंद्र

---

सावदा, १० ऑगस्ट

लील्या,

नमस्कार, आशीर्वाद वगैरे काही लिहायची माझी इच्छा नाही. माझा वकील म्हणतो मी तुला पत्र लिहू नये. तुझाही तेच म्हणत असेल. दोघांना फी मिळते, आपल्याला काय मिळतं.

तुझा भाऊ सगळ्यांना विचारत फिरतोय की चौथं नाव कोणी घातलं. मी घातलं. मी आत पडलो होतो. आई तोंडातल्या तोंडात मोजत होती, मला वाटलं तुला गाळलं. मला तुझा राग आहे, पण तो माझा आहे, आईने त्यात पडायचं कारण नाही. तुझ्या आईने सूप झाकलं आणि सगळ्या अंगणात गेल्या, तेव्हा उठलो आणि घातलं. मोजून घातलं. खाली वाकल्यावर जबडा ठणकला तेव्हा तुला दोन शिव्याही घातल्या, त्या कानबाईने ऐकल्या असतील.

हे कोणाला सांगू नकोस. आईला कळलं तर ती गावभर सांगेल की माझा भूपेंद्र किती मनाचा मोठा. मग ते मला आयुष्यभर निभावावं लागेल.

आठवडाभर तुझ्या नावाचे रोट खातोय. चार लीलाधर. एक सोसवत नव्हता.

पाना आधी मी उचलला होता. तू हिसकून घेतलास. हे पोलिसांना सांगायचं राहिलं, कारण तेव्हा तोंड बंद होतं. आता उघडतं, तेराला उघडीन. तू बाहेर आलास की विहिरीवर येऊ नकोस, आधी घरी ये, आईच्या पाया पड, मग मी तुला काय ते बोलेन. बरंच साठलंय.

भूपेंद्र

---

धुळे, १२ ऑगस्ट

भूपेंद्रास,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. धनसिंगने एकदा वाचून घेतलं, त्याला वाचता येत नाही, म्हणजे मीच चौथ्यांदा वाचलं. तो म्हणाला, हाऊ तुना दुश्मन शे? मी म्हटलं, हो.

वकिलांनी सांगितलंय की झाल्या प्रकाराबद्दल एक अक्षरही लिहून द्यायचं नाही, माफीचं तर मुळीच नाही, ते पुराव्यात जातं. म्हणून मी काही लिहीत नाही. कार्डावर खाली जी जागा कोरी सोडली आहे ती तुझी आहे. तू समजून घे.

लीलाधर

---

सावदा,
शुक्रवार, दि. १५ ऑगस्ट २०२५
सकाळचे अकरा

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. हे पत्र पोस्टात टाकणार नाही, उद्या गेटवर तुझ्या हातात देईन. तू समोर असलास की मी पुन्हा पावसाचं काहीतरी विचारीन, म्हणून लिहून आणतो. बसमध्ये वाच.

तेराला माझी सकाळची बस चुकली. भूपेंद्रभाऊचीही चुकली. तो स्टँडवर उभा होता आणि माझ्याकडे वखारीतून मागून आणलेली मोटरसायकल होती. त्याला मागे बसवून भुसावळला नेलं. कोर्टाच्या आवारात तुझ्या वकिलांनी आम्हाला एका गाडीवरून उतरताना पाहिलं आणि मला बाजूला ओढून विचारलं की मी वेडा आहे का, फिर्यादीला कोणी असं आणतं का. त्याचा वकील त्याला हेच विचारत होता. रस्त्यात फाटक बंद होतं तेव्हा भूपेंद्रभाऊने मला मूठ वळायला सांगितली होती. मी वळली. त्याने आपली मूठ माझ्या मुठीला लावून पाहिली आणि म्हणाला की साधारण सारखी आहे. कशासाठी ते सांगितलं नाही. तेवढ्यात फाटक उघडलं.

कोर्टात त्याला विचारल्यावर तो उभा राहिला आणि म्हणाला की आपली हरकत नाही. मग न विचारता म्हणाला की पाना पहिल्यांदा आपल्या हातात होता. त्याच्या वकिलांनी खाली बसायची खूण केली, पण त्याने दीड महिना तोंड बंद ठेवलेलं असल्याने तो बसला नाही. जामीन मंजूर झाला. काल कागद पूर्ण होईपर्यंत वेळ टळली आणि आज झेंड्याची सुट्टी, म्हणून उद्या.

एक अट आहे. खटला संपेपर्यंत तू फिर्यादीशी कोणत्याही प्रकारे संपर्क ठेवायचा नाही. ही अट मी घरी वाचून दाखवली तेव्हा मोठ्या आईने विचारलं की कोर्टाले मधली भिंत दाखवली होती काय. वकील ती अट सैल करून घेण्यासाठी अर्ज करणार आहेत. एका सुपातले रोट खाणं हा संपर्क होतो का, हे त्यांना पाहावं लागेल म्हणाले. तोवर विहिरीचं काय असेल ते तू मला सांगायचं, मी त्याला सांगीन, आणि तो जे म्हणेल ते मी तुला सांगीन. शिव्या मी दोन्हीकडच्या गाळणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

दारातला ड्रम त्यांनी काल काढला. खाट आम्ही आज सकाळी काढली. दार फुगलं आहे, उघडत नाही. सुतार सोमवारी येतो म्हणाला.

मंगळवारच्या मुलाखतीत तू वहिनींजवळ निरोप दिलास की चौथ्या नावाचा शोध सोड. मी सोडला आहे. पण वजन एकदा काट्यावर दिसलं की मला ते दिसलं नाही असं म्हणता येत नाही, म्हणून हिशोबात ठेवलं आहे.

नाडीचा पायजमा पिशवीत घातला आहे. उद्या चालेल.

आईने भाजीवालीला सांगितलं की लीलाधरची धुळ्याची नोकरी सुटली. तिला वाईट वाटलं.

उद्यापासून लोभ समोरच दिसेल, तरी असावा.

तुझा,
हितेंद्र

ता. क. मे महिन्यापासूनचा मोठा हिशोब वहीत आहे. पहिल्या पत्रापासूनचा हा.

खर्च झाले
इलॅस्टिक: ३० रुपये
धुळे मुलाखत, दोन फेऱ्या, बसभाडं: ६४० रुपये
तुला मनीऑर्डर: १,००० रुपये
दळण, सहा किलो: ६० रुपये
भुसावळ पेट्रोल: २०० रुपये (पैकी १०० भूपेंद्रभाऊने दिले, नको म्हटलं तरी)
जामिनाचे कागद आणि कोर्टाची तिकिटं: ८५० रुपये

देणं आहे
वकिलांना: ४,००० रुपये
असलमभाईंना: पेढे, पाव किलो. पोरं झाली नाहीत, पण पेढे मागतात.
मोठ्या आईला: आठवड्याचं दूध. घेत नाही.
गहू, एका नावाचे, पाच मुठी आणि वर सव्वा मूठ. कोणाचे ते लागत नाही. पुढच्या श्रावणात तू आपल्या हाताने फेड.